एवढंच ना?

गेल्या महिन्यात आईच्या रक्ताचा रिपोर्ट आणायला मिरजेला गेले होते. सकाळी अकराला मिरजेतल्या कुठल्याही लॅबमध्ये असतो तसाच घोळका होता. जत, कवठे महांकाळकडची माणसं, अथणी-विजापूरकडून पहाटेच्या गाडीनं आलेली माणसं, कानावर अर्धं मराठी, अर्धं कानडी. माझ्या शेजारी बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, धोतर, मांडीवर वायरची पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी भाकरीच्या फडक्याची गाठ. काउंटरवरच्या मुलीनं त्यांचं नाव पुकारलं, त्यांच्या हातात पाकीट दिलं. ते परत येऊन बसले. पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्याकडे सरकवत म्हणाले, "ताई, चष्मा घरी ऱ्हायलाय. काय लिवलंय तेवढं बघा की जरा."

दोन पानं होती. बायॉप्सीचा रिपोर्ट. असे कागद खालून वर वाचायचे असतात, हे मी आप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, आजारपणात शिकले. वर तुकड्याचं माप, रंग, सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं त्याचं बारीक अक्षरातलं वर्णन असतं आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरात, एक किंवा दोन ओळी. त्या ओळीत 'मेटास्टॅटिक' हा शब्द होता, म्हणजे कॅन्सर मूळ जागेवरून दुसरीकडे पसरलेला. तो दिसला की बाकीचं वाचायची गरज उरत नाही. मी तरीही पान उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचत असल्यासारखं केलं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. "बरं हाय न्हवं?" मी म्हटलं, "डॉक्टरांना दाखवा." "त्ये तर दावायचंच. पर तुमी वाचलासा न्हवं?" मी म्हटलं, "इंग्रजीत आहे सगळं. त्यांची भाषा आपल्याला कळत नाही." "आसं व्हय," म्हणून त्यांनी कागद घेतले, घडी जशी होती तशीच घातली आणि पिशवीत भाकरीच्या खाली सरकवले. मग विचारलं, "मग दीडची गाडी धरू, का थांबू?" "थांबा," मी म्हटलं. "डॉक्टरांना भेटूनच जा." तेवढ्यात आईचं नाव पुकारलं आणि मी उठले. जाताना त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मला सगळं कळलं होतं.

तेव्हापासून ते फडकं डोळ्यांसमोरून जात नाही. कारण रुग्णाला खरं सांगावं, हे मी गेली चौदा वर्षं नातेवाइकांत भांडून सांगत आले आहे. हल्ली हॉस्पिटलांच्या भिंतीवर रुग्णहक्कांची सनद लावलेली असते. तिच्यात माहितीचा हक्क पहिला आहे, ते बोट ठेवून दाखवणारी मी. आणि एका माणसानं मला सरळ, डोळ्यात बघून, एकदा नाही दोनदा विचारलं तर मी खोटं बोलले. ते सांगणं डॉक्टरांचं काम, अनोळखी बाईचं नव्हे, असं कुणीही म्हणेल आणि ते खरंच आहे. त्या रात्री मीही स्वतःला तेच सांगितलं. पण बाकावर बसले असताना माझ्या मनात डॉक्टरांचा विचार आलाच नव्हता. त्यांचा चेहरा बदललेला मला बघायचा नव्हता, इतकंच होतं.

आप्पांच्या आजाराची सुरुवात डोळ्यांपासून झाली. २०११ चा चैत्र होता. गुढी उतरवताना ते उन्हात उभे होते आणि आईला त्यांचे डोळे पिवळे दिसले. दुखत काहीच नव्हतं. गावात दोघांनी काविळीची औषधं सुचवली, एकानं ती आणूनही दिली. आठ दिवसांनी मिरजेला नेलं तेव्हा सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ होती आणि तिनं पित्तनलिका दाबून धरली होती. यकृतावरही ठिपके दिसत होते. डॉक्टरांनी दादाला आणि मला बाजूला बोलावून सांगितलं, ऑपरेशनची वेळ गेली आहे. नळी घालून कावीळ उतरवू. सहा महिने, फार तर आठ. खोलीबाहेर येईपर्यंत दादानं ठरवून टाकलं होतं. "आप्पांना सांगायचं नाही. पित्ताचा खडा होता, नळी घातली, संपलं." मी काही बोलले नाही. आईला त्या रात्री सांगितलं. ती खूप वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि म्हणाली, "नकोच सांगायला. ते हाय खातील."

नळी घातल्यावर आठ-दहा दिवसांत पिवळेपणा उतरला. आमचं खोटं फार सोपं झालं, कारण आप्पांना खरोखरच बरं वाटायला लागलं.

खोट्याचा खर्च मात्र मला कुणी सांगितला नव्हता. एक शब्द लपवायचा म्हणजे त्या एका शब्दावर हात ठेवला की झालं, असं मला वाटायचं. पण फाईल लपवावी लागली. गोळ्यांच्या पट्ट्या कापून दुसऱ्या डबीत भराव्या लागल्या, कारण आप्पा प्राथमिक शिक्षक, त्यांना इंग्रजी वाचता यायचं. पुण्याहून काका फोन करायचे तेव्हा फोन घेऊन परड्यात जावं लागायचं. आप्पांचे एक जुने मित्र होते, शाळेतले सहकारी. त्यांना दादानं खरं काय ते सांगून ठेवलं होतं, आणि ते अंगणातूनच डोळे पुसत यायचे. दोनदा असं झाल्यावर दादानं त्यांना फाटकापाशी गाठून हात जोडले. ते नंतर आलेच नाहीत. आप्पा आजारपणभर म्हणत राहिले, "बघ, रिटायर झाल्यावर माणूस कसा विसरतो." कावीळ म्हटली की काविळीचं पथ्य आलं. तेल बंद, तूप बंद, भजी बंद. आषाढात बेंदूर आला. बैल रंगवून आणले, पुरणपोळ्या झाल्या. आप्पांच्या ताटात आईनं पोळी वाढली आणि तुपाची वाटी हातात धरून तशीच उभी राहिली. आप्पांनी ताट थोडं पुढे केलं. दादा म्हणाला, "पथ्य आहे आप्पा." आईनं वाटी परत नेली. आप्पांनी कोरडी पोळी दुधात बुडवून खाल्ली. एक चमचा तुपानं त्यांचं काय बिघडणार होतं? काहीच नाही. पण आम्ही सांगितलेल्या आजाराचं ते पथ्य होतं आणि तो आजार आम्हाला सांभाळायचा होता.

पुढे कधीतरी जेम्स वॉटसन यांच्याबद्दल वाचलं तेव्हा हे सगळं आठवलं. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रचना १९५३ मध्ये उलगडणाऱ्या दोघांपैकी ते एक. २००७ मध्ये त्यांच्या स्वतःच्या शरीरातलं संपूर्ण जनुकीय लेखन वाचून त्यांच्या हाती देण्यात आलं. वॉटसन यांनी ते सगळ्यांसाठी खुलं केलं, पण एका जागेखेरीज. म्हातारपणी अल्झायमर होण्याचा धोका ज्या एका जनुकावरून कळतो, तेवढं मला सांगू नका आणि कुणाला दाखवूही नका, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. त्यांच्या एका आजीला तो आजार झाला होता. आयुष्यभर जाणून घेण्याचाच ध्यास धरलेला, एकोणऐंशी वर्षांचा तो माणूस. त्यालाही एक दार बंद हवं होतं. पण मला अडकवून ठेवलं ते पुढच्या गोष्टीनं. दुसऱ्या संशोधकांनी दाखवून दिलं की तेवढं एक जनुक झाकून उपयोग नाही, शेजारची अक्षरं वाचून मधलं काय असणार याचा अंदाज बांधता येतो. मग त्या जनुकाच्या आजूबाजूचा, सुमारे वीस लाख अक्षरांचा पट्टाच्या पट्टा काढून टाकावा लागला.

आमच्या घरात तेच झालं होतं. तूप, मित्र, गोळ्यांची पट्टी, काकांचा फोन ही सगळी शेजारची अक्षरं होती.

मला कुणी विचारलं, सगळं कळावं की काहीच कळू नये, तर मी लगेच एका बाजूला उभी राहू शकत नाही. त्याच लॅबच्या भिंतीवर, आपण जिथे सोनोग्राफीला जातो तिथे सगळीकडे असतो तो फलक होता, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' यंत्राला दिसतं, बघणाऱ्याला कळतं, आणि तरीही ते सांगायचं नाही असा कायदा आहे. महाराष्ट्रानं तो १९८८ मध्ये आधी केला, देशानं १९९४ मध्ये. त्या कळण्याचं आपण काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे आणि तो फलक कधीही निघू नये असं मला मनापासून वाटतं. दुसरी गोष्ट नॅन्सी वेक्सलर या अमेरिकन बाईंची. त्यांच्या आईला हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आजार होता. आई किंवा वडील, कुणा एकाला तो असला तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी, आणि उपाय नाही. व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराच्या काठी या आजाराची घराणीच्या घराणी होती. तिथे वर्षानुवर्षं जाऊन, माणसांत राहून, रक्ताचे नमुने गोळा करून त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या जनुकाचा माग काढला. १९८३ मध्ये खूण सापडली, १९९३ मध्ये जनुक. कुणालाही आपलं पुढे काय होणार ते एका चाचणीत कळायची सोय झाली. आणि ज्यांना धोका आहे त्यांच्यातले बहुतेक जण ती चाचणी करून घेत नाहीत. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. निम्मी शक्यता म्हणजे निम्मी आशासुद्धा असते, आणि तिच्यावर माणसं लग्नं करतात, घरं बांधतात. स्वतःला हा आजार झाला आहे हे वेक्सलर यांनी २०२० मध्ये जगाला सांगितलं.

पण ती माणसं चाचणी करायची की नाही ते स्वतः ठरवतात. आप्पांचं आम्ही ठरवलं.

अक्षय्य तृतीयेनंतर त्यांनी हळद लावायची काढली. आमच्याकडे सेलम हळद, सऱ्या सोडून लावतात. कावीळ उतरल्यामुळे त्यांना हुरूप आला होता. मी बँकेतून रजा घेऊन गावी राहिले होते. उन्हं कलल्यावर आम्ही रानात जायचो. आप्पा बांधावर पोतं टाकून बसायचे आणि बियाण्याचे जेठे गड्डे निवडायचे. कोंब फुगलेला, चांगला गरगरीत गड्डा एका बाजूला, सुरकुतलेला दुसऱ्या बाजूला. हाताला माती लागली की ते बोटं एकमेकांवर चोळून वास घ्यायचे. मी सरीत वाकून गड्डे दाबत होते आणि मनात महिने मोजत होते. हळद नऊ महिन्यांचं पीक. आत्ता वैशाख म्हणजे काढणी माघात. डॉक्टरांचे सहा महिने, फार तर आठ. मी पुन्हा मोजायचे, आणि प्रत्येक वेळी एक महिना कमी पडायचा. माझ्यापासून चार हातांवर बसलेल्या माणसाला ज्याचं पीक दिसणार नव्हतं ते बियाणं मी त्याच्याच हातून घेऊन मातीत पुरत होते, आणि तो मला सांगत होता, "जरा खोल दाब. उघडा राहिला तर भरत नाही."

त्या वर्षीच्या वटपौर्णिमेला आई वडाला गेली. मी सोबत होते. ती सुताचे फेरे घालत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघू शकत नव्हते. सावित्रीची कथा सांगताना आपण यमाशी झालेल्या वादाला फार महत्त्व देतो. मला त्याआधीचं एक वर्ष दिसतं. लग्नाच्या आधीच नारदानं दिवस सांगून ठेवला होता आणि ती तो मोजत होती. सत्यवानाला माहीत नाही, सासू-सासऱ्यांना माहीत नाही. रोज त्यानं लाकडं आणायची, तिनं हसून दार उघडायचं. चार दिवस उरले तेव्हा तिनं तीन रात्रींचं व्रत धरलं, आणि घरच्यांना वाटलं, सूनबाई फारच कडक उपास करते. आई मागे एकदा म्हणाली, "सावित्रीचा तो उपास मला कळतो. बोलायचं नसलं की घासही उतरत नाही." त्या सहा महिन्यांत आईचं वजन आप्पांच्या बरोबरीनं उतरलं होतं. गावातल्या बायका म्हणायच्या, नवऱ्याचं पथ्य बाईनंही धरलंय.

श्रावणात हळदीची भरणी झाली तेव्हा आप्पा हातात काठी घेऊन बांधापर्यंत आले. पानं कमरेला लागत होती. गडी सरीतली माती ओढून गड्ड्यांवर चढवत होते. आप्पा बराच वेळ बघत बसले आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "यंदा बियाणं ठेवायचं, का सगळीच विकून टाकायची? तू सांग." दरवर्षी बियाणं ठेवतातच. असा प्रश्न त्यांनी कधीच कुणाला विचारला नव्हता. मी म्हटलं, "ठेवायचंच की आप्पा. पुढच्या वर्षी लावायचीय ना?" तेव्हा त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग "बरं" म्हणाले आणि काठी टेकून उठले. त्यानंतर हळदीचा विषय त्यांनी काढला नाही.

नातेवाईक म्हणतात, त्यांना कळलंच असणार, माणसाला आतून कळतंच. हे वाक्य आम्ही स्वतःच्या समाधानासाठी म्हणतो, असं मला वाटतं. कळलं असतं तर त्यांनी पेटी उघडली असती. आमच्या माळ्यावर आजोबांच्या वेळची एक लाकडी पेटी आहे. जमिनीचे, विहिरीच्या वाट्याचे, आणखी कशाकशाचे कागद, सगळे मोडीत. मोडी वाचणारे घरात आप्पा एकटे. "दिवाळी झाली की बसू, मी वाचतो, तू लिहून घे," असं ते मला दसऱ्याला म्हणाले होते. मी "हो" म्हटलं. दिवाळीनंतर आठव्या दिवशी ते गेले. दसऱ्यालाच सांगितलं असतं, तर आम्ही त्या दुपारी बसलो असतो. पेटी अजून तशीच आहे. मोडी वाचणाऱ्या जाणकाराला ते कागद दाखवता येतील हे मला माहीत आहे, पण त्यातली कुठली ओळ वाचताना आप्पा थांबले असते आणि काय म्हणाले असते, ते तो जाणकार सांगू शकणार नाही.

माघात आईनं हळद काढली, शिजवली, वाळवली. हळद सांगलीच्या बाजारात गेली तेव्हा अडत्याकडची हिशोबाची पट्टी आप्पांच्याच नावानं निघाली. दादानं ती घडी करून खिशात ठेवली. बियाणं ठेवलं होतं. ते मी सांगितलं म्हणून.

लहानपणी आप्पा आम्हाला सहदेवाची गोष्ट सांगायचे. पाऊसपाण्याचे जुने ठोकताळे आपल्याकडे ज्याच्या नावावर सांगतात तो सहदेव. लोककथेत त्याला मागचं-पुढचं सगळं कळत असतं, पण कुणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही अशी त्याला अट असते. द्यूत, वनवास, युद्ध, सगळं त्याला आधीपासून ठाऊक, आणि तो गप्प. चौथीत त्यांच्याच वर्गात असताना मी विचारलं होतं, मग त्याला कुणी विचारलं का नाही? आप्पांनी उत्तर दिलं नाही. सगळ्या वर्गाला सांगितलं, उद्या विचार करून या. दुसऱ्या दिवशी एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, त्याला म्हाईत हाय ह्येच कुणाला म्हाईत नव्हतं." आप्पांनी त्याला शाबासकी दिली. मला त्या गोष्टीत सहदेवाची कीव यायची. आता वाटतं, त्याची अट तशी सोपी होती. कुणी विचारलं असतं तर त्याला सांगताही आलं असतं. आप्पांनी बांधावर विचारलं होतं. मिरजेच्या बाकावर त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दोनदा विचारलं. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं असेल का? की मुलाला बोलावून घ्या म्हणाले असतील, आणि मुलगा कागद घेऊन खोलीबाहेर येता येता काहीतरी ठरवत असेल?

त्या दिवशी संध्याकाळी घरी आले तेव्हा आई ओट्याशी लसूण सोलत होती. तिचं पाकीट मी गाडीत उघडून पाहिलं होतं. क्रिएटिनिन थोडं वाढलेलं, बाकी बऱ्यापैकी. मी पर्स ठेवायच्या आत ती म्हणाली, "मला काही सांगू नकोस हं. एकदा सगळं जाणून घेतलं, तेवढं पुरे झालं. माझं तुमचं तुम्ही बघा. खायचं काय नाही तेवढं सांग." मला हे अपेक्षित नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी भांडले ते तिला नको होतं आणि ते तिनं स्वतः, लसूण सोलता सोलता ठरवलं होतं. मी म्हटलं, "मीठ कमी कर. लोणचं, पापड नको."

दोन पाकळ्या सोलून झाल्यावर तिनं विचारलं, "का गं?"

"किडनीवर थोडा ताण आहे."

"थोडा म्हणजे?"

मी आकडा सांगितला, किती असायला हवा तोही सांगितला. ती ऐकत होती, सुरी चालू होती. "डायलिसिस का काय म्हणतात ते?" मी म्हटलं, "नाही. त्याचं काही कारण नाही आत्ता. तीन महिन्यांनी परत तपासायचं." जेवढं विचारलं तेवढं सांगितलं, त्याच्या पुढे गेले नाही आणि मागेही राहिले नाही.

"एवढंच ना?"

"एवढंच."

तिनं सुरी खाली ठेवली. हात धुतले, पदराला पुसले आणि एक हात माझ्यापुढे केला. मी पाकीट दिलं. तिनं चष्मा लावला, कागद खिडकीच्या उजेडात धरला. आईला इंग्रजी येत नाही. आकड्यांवरून बोट फिरवत, एकेका ओळीशी थांबत, ती वरपासून खालपर्यंत तो कागद बघत राहिली.